दानपत्रातली एक ओळ

महाडहून रायगडाकडे निघालं की गाडीतल्या प्रत्येकाचे डोळे गड कुठून दिसतो याकडे लागतात. वाटेतली गावं पाटीपुरती उरतात. लाडवली येतं आणि जातं, नाते येतं आणि जातं. नात्यात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. लाडवलीत १९०३ साली रामचंद्र बाबाजी मोरे जन्मले. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडात भरलेल्या परिषदेमागचे ते एक मोठे खटपटे कार्यकर्ते.

दोन मुलं, एक तालुका, एकच रस्ता. दोघांनीही शाळकरी वयात परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवली. एकाचं नाव त्या शिष्यवृत्तीनं मुंबई इलाखाभर नेलं. दुसऱ्याच्या हातात शिष्यवृत्ती होती, पण महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला आत कोणी घेईना.

या लेखाचा विषय या दोघांचं चरित्र नाही. विषय आहे ती शिष्यवृत्ती नावाची यंत्रणा. ती दिसायला अगदी साधी असते. कोणीतरी रक्कम देतो, ती विद्यापीठाकडे किंवा न्यासाकडे ठेव म्हणून राहते, मुद्दल कोणी हलवायचं नाही, व्याजातून दरवर्षी एखाद्या मुलाचा खर्च निघतो. देणारा जातो, ठेव राहते. पण मुद्दल आणि व्याज यांच्या जोडीला दानपत्रात एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे अट. ही रक्कम कोणाला, कोणत्या विषयासाठी, कोणत्या परीक्षेनंतर द्यायची, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. रक्कम किती हे लोक लक्षात ठेवतात. ती ओळ मात्र फारसं कोणी वाचत नाही, आणि खरा निकाल तीच लावते.

विद्येसाठी पैसा बाजूला काढण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली असं नाही. पेशवाईत पुण्याला श्रावणमासात दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या रमण्यात दूरदूरचे शास्त्री, वैदिक गोळा होत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टननं ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, वर्षाला पन्नास हजारांवर आणून चालू ठेवली. १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिला आधार याच निधीचा होता. दक्षिणेची अट मात्र जुनीच होती. घेणारा ब्राह्मण हवा आणि विद्या शास्त्राची हवी. १८४९च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यावरून शहरात एवढा गदारोळ उठला, की अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले. भांडण दक्षिणेच्या आकड्यावरून नव्हतं, ती कोणाच्या हातात पडावी यावरून होतं. पुढे याच निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली आणि महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकी एक. निधी तोच राहिला, अट बदलली आणि त्या पैशाचं काम बदलून गेलं.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्यानंतरचा काळ मुंबईत पैसा खेळण्याचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि शेठ लोकांचा हात सैल होता. प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख दिले. तोच आजचा राजाबाई टॉवर. कावसजी जहांगीर रेडीमनींनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख दिले. अशा दगडी देणग्या आजही दिसतात, पर्यटक त्यांचे फोटो काढतात. त्याच पिढीतली एक देणगी मात्र दिसत नाही, कारण ती निकालपत्रात राहते. ती म्हणजे जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती.

नाना शंकरशेट मुरबाडचे. मुंबईच्या शिक्षणाशी, रेल्वेशी, कायदेमंडळाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. ३१ जुलै १८६५ रोजी ते वारले. त्यांच्या नावानं विद्यापीठात संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या वेळी मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घेत असे, म्हणून शाळा सोडणाऱ्या मुलाला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळे. अट एकच, संस्कृतात सर्वांत पुढे असणं. बाकी जात, गाव, ऐपत काहीही विचारायचं नाही. मॅट्रिक जाऊन शालान्त परीक्षा आली, विद्यापीठाऐवजी मंडळ परीक्षा घेऊ लागलं, तरी शंकरशेट टिकून राहिली. मराठी घरांत पुढचं 'शिष्यवृत्ती' न लावता नुसतं 'शंकरशेट' म्हटलं तरी भागतं. 'आमच्या मामाला शंकरशेट मिळाली होती' एवढं एक वाक्य तीन पिढ्या पुरतं.

१९१२ साली हीच शंकरशेट नात्याच्या देशमुखांना मिळाली. ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची पहिली शिष्यवृत्तीही त्यांचीच. त्या यशाचं कौतुक एवढं झालं, की राम गणेश गडकऱ्यांनी त्यावर कविता केली. मॅट्रिकच्या मुलावर गडकऱ्यांची कविता! आज बोर्डात उत्तम गुण मिळवणाऱ्याला दोन दिवस पेढे भरवतानाचा फोटो मिळतो.

संस्कृतची या मुलखाला ओळख नवी नव्हती. शिवरायांवर संस्कृतात 'शिवभारत' रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी शेजारच्या पोलादपुरात आहे. देशमुखांचं पुढचं शिक्षण तसं संस्कृतपासून दूर गेलं. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र घेतलं, १९१७ साली वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं आणि आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. फ्रँक स्मार्ट हेही कोणा दात्याचंच नाव, तिकडचा शंकरशेट म्हणा. पण संस्कृत सुटलं नाही. नोटा, कर्ज, अंदाजपत्रकं यांत आयुष्य घालवलेल्या या माणसानं मेघदूत मराठीत आणलं, गांधीजींची वचनं संस्कृतात नेली आणि स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह काढला. सोळाव्या वर्षी मिळालेल्या शिष्यवृत्तीचं व्याज माणूस सत्तरीपर्यंत देत राहतो, ते असं.

आता तीच ओळ पुन्हा वाचू. संस्कृतात पहिला येईल त्याला. जात विचारायची नाही. कागदावर याहून खुली अट सापडणं कठीण.

देशमुखांच्या पाच वर्षं आधी, १९०७ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांची दुसरी भाषा फारसी होती. फारसीची आवड म्हणून नव्हे. त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला संस्कृत शिकायचं होतं, पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार झाले नाहीत. म्हणजे शंकरशेटच्या अटीत जात नव्हती, पण अटीपर्यंत जाणाऱ्या जिन्यावर ती बसलेली होती. ज्याला वर्गात संस्कृतच मिळालं नाही, तो संस्कृतात पहिला येणार कसा? नानांचा यात काही दोष नाही. त्यांनी ठेवलेलं दार उघडंच होतं. अंगण दुसऱ्याच्या ताब्यात होतं.

आंबेडकरांनी पुढे संस्कृत स्वतःच्या बळावर मिळवलं. १९४९ साली संविधान सभेत लक्ष्मीकांत मैत्रांनी संस्कृत राजभाषा करावी अशी दुरुस्ती सुचवली, तेव्हा तिला पाठिंबा देणाऱ्यांत आंबेडकर होते.

त्यांना शिष्यवृत्ती मिळाली ती वेगळ्या जातीची. ती ठेवीची नव्हती, परीक्षेची नव्हती. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या मध्यस्थीनं सयाजीराव गायकवाडांनी कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये दिले, आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिलाही अट होती. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. आंबेडकरांनी तसा करार करून दिला. १९१७ साली ते बडोद्यात हजरही झाले, पण कोणी राहायला जागा देईना आणि कचेरीतले शिपाई कागद दुरून फेकत. ज्या संस्थाननं शिकायला साता समुद्रापार पाठवलं, त्याच्याच राजधानीत त्यांना खोली मिळाली नाही. नोकरी सुटली.

आता लाडवलीकडे. रामचंद्र मोरे अकरा वर्षांचे असताना अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी महाडच्या परिसरातल्या एका महार मुलासाठी ही फार मोठी गोष्ट. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेले. शाळा भाड्याच्या जागेत होती आणि अस्पृश्य मुलगा आत आलेला जागेच्या मालकाला चालणार नव्हता. प्रवेश नाकारला गेला. पोरगा रडत घरी बसला असता तर गोष्ट इथंच संपली असती. त्यानं आपली तक्रार वर्तमानपत्राकडे लिहून धाडली. अकरा वर्षांच्या मुलाचं ते पत्र छापून आलं, बोभाटा झाला आणि शाळेला दार उघडावं लागलं. बसायची जागा मात्र इतर मुलांपासून वेगळीच.

मोऱ्यांची शिष्यवृत्ती सरकारी होती, तिच्या अटीत खोट नव्हती, परीक्षा त्यांनी पार केली होती. तरीही ती चालेना, कारण शिष्यवृत्ती म्हणजे पैसा आणि पैसा खर्च करायला शाळा लागते.

हाच प्रकार पुढे त्याच गावात मोठ्या प्रमाणावर घडला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळानं सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाण्याला कोणी हात लावू शकलं नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी त्यामागे राबत होती. वीस तारखेला आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीनं तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, डिसेंबरात पुन्हा परिषद झाली, खटला चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल लागला. १९२४चा ठराव खरा व्हायला तेरा वर्षं लागली. शिष्यवृत्तीच्या दानपत्रालाही असाच एक चवदार तळ्याचा प्रश्न असतो. खुलं आहे असं लिहिलेलं असतं. पाणी कोणाला मिळतं ते वेगळं पाहावं लागतं.

काही दात्यांना आपली ओळ चुकली हे वेळीच कळलं. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला, तेव्हा तो पारशी मुलांपुरता होता. दोन वर्षांत तो सर्व भारतीयांना खुला झाला. त्या निधीची दुसरी अटही वेगळी आहे. पैसे दान म्हणून मिळत नाहीत, कर्ज म्हणून मिळतात. शिकून कमावता झालेला विद्यार्थी ते फेडतो, आणि ती रक्कम पुढच्याच्या कामी येते. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते टाटा स्कॉलर म्हणूनच. इथं मुलगा घेणाराही असतो आणि, नकळत, देणाराही.

अट दानपत्रात नसली तरी दारात उभी असू शकते. याचं अन्नविज्ञानातलं उदाहरण कमला सोहोनींचं. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. गुण उत्तम, विषय रसायन, वडीलही त्याच संस्थेत शिकलेले. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा अटींवर घेतलं. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. दूध, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर त्यांनी तिथं काम केलं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच.डी. मिळवली, बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचं दाखवून. प्रबंध चाळीसेक पानांचा.

मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरेवर काम केलं. ताडाच्या, माडाच्या झाडाचं ते न आंबलेलं पेय कुपोषित मुलांना आणि गरोदर आदिवासी बायकांना किती उपयोगी पडतं, हे तपासून दाखवलं, आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. निवृत्तीनंतरही त्या ग्राहकांच्या चळवळीत होत्या, घरच्या घरी भेसळ कशी ओळखायची हे लोकांना सांगत होत्या. एका संचालकाच्या 'नाही'पुढे त्या मागे फिरल्या असत्या, तर नीरेचा हा अभ्यास कोणी केला असता कोण जाणे.

दात्याच्या मर्जीवर किती काळ राहायचं, हा प्रश्न आंबेडकरांनी स्वतःच्या अनुभवातून सोडवला. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली त्यांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी पैसा मागणारं निवेदन दिलं. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. हीच आजची पोस्ट मॅट्रिक. तिच्यात पहिला येण्याची अट नाही. सयाजीरावांनी एका मुलाला दिलं होतं ते इथं नियमानं अनेकांना मिळू लागलं. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. या संस्थेचं महाविद्यालय पुढे १९६१ साली महाडातही उभं राहिलं. ज्या गावात शिष्यवृत्तीधारक पोराला वेगळं बसवलं, त्याच गावात.

१९५० साली देशमुख अर्थमंत्री झाले, तेव्हा आंबेडकर कायदामंत्री होते. सप्टेंबर १९५१ पर्यंत, म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त, दोघं एकाच मंत्रिमंडळात बसत. एक शंकरशेटचा मानकरी, दुसरा शंकरशेटच्या परीक्षेला बसण्याचा विषयच ज्याला मिळाला नाही तो. रुपयाच्या प्रश्नावर दोघांचाही अधिकार होता. आंबेडकरांचा ग्रंथ १९२३चा, देशमुख १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. १९५२च्या निवडणुकीत देशमुख कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. देशभरच्या विद्यापीठांना पैसा द्यायचा की नाही, आणि कोणत्या अटीवर, हे ठरवणं आता त्यांच्या टेबलावर आलं.

समजा, आज अन्नविज्ञानाचा एखादा निवृत्त प्राध्यापक भविष्य निर्वाह निधीतले दहा लाख रुपये विद्यापीठाला देऊन आपल्या नावाची शिष्यवृत्ती सुरू करतो. सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार. पण दरवर्षी महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत सत्तर हजारांची किंमत निम्मी होते. म्हणून शहाणा दाता व्याजातला काही भाग परत मुद्दलात घालण्याची सोय लिहून ठेवतो. आकडेमोड ही सोपी बाजू. अवघड बाजू अटीची. 'अन्नतंत्रज्ञानात पहिला येणाऱ्यास' असं लिहिलं तर पैसे बहुधा शहरातल्या चांगल्या शाळेतून आलेल्या मुलाकडे जातील, आणि कदाचित त्याला त्यांची फार गरजही नसेल. 'पोलादपूर तालुक्यातील विद्यार्थ्यास' असं लिहिलं तर कधी एखाद्या वर्षी त्या विषयाला तिथला कोणीच नसेल आणि रक्कम पडून राहील. उतारावर नाचणी आणि वरी पिकवणाऱ्या घरातून जी मुलगी अन्नविज्ञानाकडे वळेल, तिला नाचणीचं पीठ आंबल्यावर काय होतं हे प्रयोगशाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. तिच्यापर्यंत पोचायचं तर ओळ कशी लिहायची? पहिली येणारी, की पहिलीच शिकणारी? गुणांवर, की उत्पन्नावर? आणि विभागातला कोण मास्तर वर्गात जाऊन सांगणार, की अशी एक शिष्यवृत्ती आहे, अर्ज कर?

जून-जुलै आला की महाडच्या, पोलादपूरच्या झेरॉक्सच्या आणि सेतूच्या दुकानांपुढे मुलांची रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, बोनाफाईड, आधारला जोडलेलं बँक खातं. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, ओटीपी यायची वाट पाहायची. पाऊस धो धो, डोंगरावरच्या वाडीत नेटवर्क येतं-जातं, म्हणून मुलं खाली बाजारात येऊन बसतात. कोणाचा दाखला गेल्या वर्षीचा निघतो, कोणाचं नाव आधारवर वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं. दुकानदार स्क्रीन मुलांकडे वळवून सांगतो, "स्पेलिंग नीट बघ, नंतर बदलता येणार नाही." मुलगी वाकून एकेक अक्षर तपासते, आणि मागची रांग पुढे सरकते.